दुसरा ब्रेक

माझ्या गाडीला ब्रेक दोन.
एक शिकणाऱ्याच्या पायाशी, एक माझ्या.
माझा शक्यतो दाबायचा नसतो,
नुसता पाय ठेवायचा त्यावर,
झोपलेल्या तान्ह्याच्या पोटावर
हात ठेवावा तसा.

आज हेमांगी गांगुर्डे, क्लास सातवा.
सिव्हिलला नर्स, आठची नाईट.
"मॅडम, पाऊस बघून सुट्टी देऊ नका,
पेशंट काय पाऊस बघून येतात?"
बरं. मग लाईट लाव. अप्पर नको, डिपर.
पुढच्या रिक्षाच्या मागचा शेर वाचता येतोय?
म्हणजे फार जवळ आहेस.
आणि तो बघ, चारी इंडिकेटर लावून चाललाय
वरातीत असल्यासारखा.
वळायचं असेल तर कळणार कुणाला?

सकाळपासून जो तो एकच विचारतोय,
मारुतीला पाणी कुठवर?
गुडघ्याला, कुणी म्हणालं. दुपारी कंबरेला.
मग ठेतेकाकूंचा फोन, अगं छातीला!
गंगापूरचे दरवाजे उघडलेत,
सराफ बाजारात माल माळ्यावर चढतोय.
आम्ही नाशिककर गंगेचा पूर असाच मोजतो,
दुतोंड्याच्या अंगावर.
आपल्या चाकावर मोजत नाही.

नासर्डीच्या फरशीशी आलो.
फरशी नव्हती.
तांबडं पाणी, आणि त्यात प्लास्टिकची एक खुर्ची
बसायला माणूस शोधत चाललेली.
"रोज येते मी इथून," हेमांगी म्हणाली,
"डोळे मिटून सांगते रस्ता कुठाय."
तुला माहीत आहे गं.
दुपारपासून पाण्यानं त्यातलं काय उचलून नेलं
ते नाही माहीत.

मागून हॉर्न. हॉर्नावर हॉर्न.
टोमॅटोचा एक पिकअप बाजूनं पुढे आला,
ड्रायव्हर म्हणजे पोरगाच, खिडकीतून ओरडला,
"मावशी, गाडी धुवायला आणली का?"
आणि उतरला.

पाणी नंबरप्लेटवर. पाणी दिव्यांवर.
मागचं चाक एकदा सरकलं,
दोन क्रेट सुटले,
लाल, लाल, कुठे कुठे.
हँडब्रेक ओढलेल्या, उभ्या गाडीत
मी जीव खाऊन ब्रेक दाबत होते
त्याच्या गाडीचा.

तो पोचला.
खोटं कशाला सांगू, पोचला.
पलीकडे थांबून त्यानं हात केला, या, या.
तिथेच माझ्या पोटात गोळा आला.
बुडणारा कुणाला बोलावत नाही,
पोचणारा बोलावतो.

हात बघून एक मोटरसायकल पुढे सरकली,
मागे बाई, बाईच्या मांडीवर
पिशवीत गुंडाळलेलं मूल.
हेमांगीनं काच खाली केली,
अख्खा पाऊस आत घेतला
आणि वॉर्डातल्या आवाजात ओरडली,
"ओ! मागे घ्या! मागे!"
घेतली त्यांनी. शिव्या देत घेतली.

मग तिनं रिव्हर्स टाकला.
सहा दिवस जमला नव्हता तो.
मान मागे, क्लच अर्धा,
मागच्या सगळ्या हॉर्नांना एकेक करून
सरकायला लावत.
लांबच्या रस्त्यानं, उड्डाणपुलावरून, वीसच्या स्पीडनं.
सिस्टरला फोन मी लावून दिला,
पन्नास मिनिटं लेट, येतेय म्हणाव.
डबक्यातून निघालीस, आता ब्रेक हलकेच दाब,
दाब, सोड. ओले असतात, वाळू दे.

सिव्हिलच्या गेटशी उतरताना
तिनं विचारलं, "आज तुम्ही ब्रेक दाबला का?"
एकदा, म्हटलं. तुझ्यासाठी नव्हता.

सीट अजून ओली आहे.
सकाळी सातला सानपांचा मुलगा येईल,
म्हणून पेपर अंथरतेय.
वरच्याच पानावर मारुती, पाणी गळ्याशी.
ते पान काढून ठेवलं.
जाहिरातींची पुरवणी टाकली.